डॉक्टर मॅडम, ओढ्याकाठचं शेत अजून आमचंच आहे

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

समोर बोलायला गेलं की घसा दाटतो, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आमच्या खानापूर तालुक्यात अशा लेकराची आणखी कोणी आई असेल तर तिच्याही हाती हे पडावं.

दोन वर्षांपूर्वी बेळगावात तुमच्याकडे आलो तेव्हा लेक सात वर्षांची होती. रोज संध्याकाळी ताप चढायचा, अंगावर गुलाबी चट्टे उठायचे. सकाळी गुडघे इतके आखडलेले असायचे की उचलूनच न्हाणीत न्यावं लागायचं. लहान मुलांना संधिवात होतो, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यात लांबच्या एका शहरातल्या दवाखान्यानं सांगितलं, पोटाची चरबी काढून त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, गुडघ्यात सोडतो, पोरगी कायमची बरी. त्या पैशांसाठी आम्ही ओढ्याकाठच्या भातशेताचा विसारही घेतला होता.

तुम्ही रागावला नाहीत. मी हिंदीत सुरुवात केली तर म्हणालात, "मराठीतच बोला, माझं चुकलं तर सांभाळून घ्या." मायबोली कन्नड असलेल्या बाईंनी माझ्या भाषेत माझ्या लेकीचा आजार समजावला, हे मी कसं विसरू?

केसपेपरच्या पाठीवर तुम्ही पेनानं हाड काढलंत, त्यात ठिपके, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी. मूळ पेशींच्या खऱ्या प्रत्यारोपणात त्या आधी काढून गोठवतात. मग जबर औषधांनी बिथरलेली प्रतिकारशक्ती पुसून टाकतात आणि त्या पेशी शिरेतून परत देतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या डॉक्टरांनी १९९९ साली अशा ४ मुलांचा अनुभव छापला. २००४ च्या अहवालात ३४ मुलं होती. त्यातली १८ औषधाविना बरी राहिली, ३ उपचारानंच दगावली. तो शेवटचा आकडा सांगताना तुमचा आवाज खाली गेला, पण तुम्ही तो लपवला नाहीत. सगळी औषधं हरली तरच त्या वाटेला जायचं, म्हणालात, आणि तशी वेळ आली तर योग्य ठिकाणची चिठ्ठी मी स्वतः देईन.

मग टीबीची तपासणी, आणि संधिवाताची दोन औषधं: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून टोसिलिझुमॅब. उपचाराच्या खर्चाच्या योजनेच्या कागदांसाठी तुम्ही तीनदा सह्या केल्यात. आम्ही विसार परत केला.

चौथ्या महिन्यात एका सकाळी ती भिंत धरून स्वतः चुलीपाशी आली. सासूबाई ओरडल्या, "अगं, पोरगी चालायली की!" त्यांच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. यंदा लावणीला ती बांधावर उकिडवी बसून तरव्याच्या पेंढ्या मोजून देत होती. उकिडवी, मॅडम.

आजार गेलेला नाही, ताप आला की अजून काळजात धस्स होतं. पण तुमचा फोन लागतो.

पुढच्या सोमवारी सलाईनला येतो. त्याच शेतातल्या नव्या तांदळाची पिशवी आणतेय, नको म्हणू नका.

तुमची,
खानापूरच्या पोरीची आई