1974 साल कोल्हापूरनं विसरू नये

संपादक साहेब, नमस्कार,

परवा नात्यातल्या एका कॉलेजच्या पोराला विचारलं, मराठीला पहिलं ज्ञानपीठ कुणाला मिळालं, तर गप्पच बसला की! वाईट वाटलं खरंच, कारण ते मिळालं आपल्या कोल्हापुरात राहणाऱ्या वि. स. खांडेकरांना, ‘ययाति’ कादंबरीसाठी, पुरस्कार 1974 चा. सांगलीत जन्म, शिरोड्याला शाळामास्तर, मग 1938 ला सिनेमाच्या लेखनासाठी भाऊ, म्हणजे खांडेकर, कोल्हापुरात आले ते शेवटपर्यंत इथलेच झाले. ज्ञानपीठ आलं तेव्हा डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी दुसऱ्याला सांगून लिहून घेणं चालूच होतं, हे आठवलं की गळा दाटून येतो बघा.

त्याच वर्षी मराठी साहित्य संमेलन पण आपल्याच जिल्ह्यात, इचलकरंजीला, अध्यक्ष पु. ल. देशपांडे! एकाच साली एवढं सगळं, आणि आपण नुसतं तांबडा-पांढरा आणि कुस्तीचंच कौतुक सांगत बसतो, तेही पाहिजेच म्हणा.

शिवाजी विद्यापीठात भाऊंचं स्मृती संग्रहालय आहे. शाळांनी पोरांना वर्षातनं एकदा तरी तिथं न्यावं, आणि तुमच्या पेपरनं 1974 वर एक पुरवणी काढावी, एवढी मनापासून विनंती.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर