प्रिय मंदा

प्रिय मंदा,

उन्हाळ्यापासून माझं पत्र नाही, रागावली असशील तर रागाव, पण हे शेवटपर्यंत वाच. फोनवर हे बोलता येत नाही, घरात कुणी ना कुणी असतंच. तब्येती सगळ्यांच्या बऱ्या. सासूबाईंचे गुडघे आहेत तसेच.

ह्यांनी माळ काढली, मंदा.

लग्नाआधीपासूनची तुळशीची माळ. एकादशीच्या सकाळी अंघोळ करून आले, गळ्यातनं काढली आणि विठ्ठलाच्या तसबिरीखालच्या खुंटीला अडकवली. मी विचारलं तर म्हणाले, "त्याला माझं रान दिसलं नाही, मी त्याला गळा कशाला दाखवू?" एवढंच. मग चहा घेतला आणि शेतातल्या आखाड्यावर गेले.

सप्टेंबरात घटस्थापनेच्या आठवड्यात मांजरा नदीला पाणी आलं ते तू टीव्हीवर बघितलंच असशील. टीव्हीवर पाणी दिसतं, खालची जमीन दिसत नाही. सोयाबीन गेलं त्याचं मी रडले नाही, ते एका सालाचं. वरची काळी माती गेली, नदीकडच्या अंगाला नुसता मुरूम उघडा पडला. विहीर गाळानं भरली, मोटर गेली, ठिबकच्या नळ्या बाभळीला गुंडाळलेल्या सापडल्या. हे रात्रीच जित्राबं सोडायला धावले होते. बैल सुटले. कपिली गाईपर्यंत पोचेस्तोवर पाणी छातीला लागलं. पाणी उतरल्यावर गेलो तर दावं खुंट्याला तसंच ताणलेलं, गाठ चिखलानं दगडासारखी झालेली. ती गाठ ह्यांनी विळ्यानं कापली नाही, बसून बोटांनी सोडवली. तेव्हापासून हे बोलायचे कमी झाले.

खरडून गेलेल्या जमिनीला सरकारनं हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंत जाहीर केलंय. पंचनामा झाला, ई-केवायसी झाली. पैशानं गाळ आणून टाकता येईल, पण टाकलेल्या गाळाचं रान व्हायला किती पावसाळे लागतात ते तुला सांगायला नको.

आणि मंदा, फवारणीची औषधं मी शेजारच्या वहिनीकडे ठेवून आले. ह्यांना म्हटलं, उंदीर डबे कुरतडतात. ते काही बोलले नाहीत. कळलं असेल त्यांना. रात्री अंगणातलं दार वाजलं की मी उठून बसते. आपल्या भागात असं उठून बसणाऱ्या बायका किती आहेत ते तू जाणतेस, त्यात आता मीही.

परवा येळवस झाली, आपली रानातली वेळ अमावस्या. ह्यांचं मन नव्हतं, सासूबाई ऐकेनात. पूजेच्या कोपीला कडबा शेजारून आणला, अंबिलीचं ताकही शेजारूनच. पांडव मांडायला पाच दगड लागतात ना, काळ्या रानात दगड कुठला, दरवर्षी बांधाबांधानं हुडकत फिरावं लागायचं. यंदा हे जागेवर बसल्या बसल्या हात लांब करून पाच उचलू शकले. त्यांनी उचलले, चुना लावला, मांडले आणि उठून गेले. भज्जीचा घास घेतला नाही. तेवढ्यात शेजारची म्हातारी म्हणाली, "देवाची मर्जी गं बाई."

माझ्या डोळ्यांसमोर तू आलीस. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतरची पहिली येळवस, भूकंप होऊन साडेतीन महिने नव्हते झाले, तुझ्या आत्यानं तुला आमच्या रानात आणलेलं. तेव्हाही कुणीतरी म्हातारी हेच म्हणाली आणि तू अंबिलीची अख्खी बिंदगी उलथवलीस. मी तुझ्यावर ओरडले, देवाचा अपमान केलास म्हणून. आपण संक्रांतीलाही बोललो नव्हतो! तीळगूळही तू माझ्या हातात दिला नाहीस, खिडकीतनं फेकलास आणि नेमका आमच्या कुत्र्यानं खाल्ला. नंतर तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला गेलो तेव्हा पुन्हा भांडलीस. म्हणालीस, "त्यांचं लेकरू चिखलात तुडवलं गेलं तरी देवानं परत दिलं. माझी आई माळवदाखाली गेली, ती कुठं दिली?" मला तेव्हा उत्तर आलं नाही, आजही येत नाही.

पण म्हातारीला मी या वेळी म्हटलं, "मर्जी नाही आजी, पाणी आलं." ओढे बुजवले, पाऊस ढगफुटीसारखा झाला, धरणातून सोडावं लागलं, म्हणून आलं. मातीच्या जड माळवदाचं घर भूकंपात खाली आलं, त्यातही कुणाची मर्जी नव्हती. देवानं कपिलीला बुडवलं असं मी मानणार नाही. आणि तरी माझा त्याच्यावर भरवसा आहे, पूर्वीपेक्षा जास्त. त्या रात्री मी त्याला दिल्या तेवढ्या शिव्या आयुष्यात दिल्या नव्हत्या, आणि देताना एकदाही वाटलं नाही की समोर कुणी नाही. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईनं विठ्ठलाला काय कमी सुनावलंय? ती त्याच्याच घरची होती म्हणून सुनावलं. ह्यांनीही भांडावं एवढंच मला वाटतं. हे भांडत नाहीत, मंदा. गप्प बसतात. मला माळेची भीती नाही, त्या गप्प बसण्याची आहे.

तुझ्या पोरीच्या बारशाला पुण्याला आले तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरात विठोबापुढे दिवा होता. बिंदगी उलथवणारी तू, आणि दिवा. तो कधी लावायला लागलीस, कशानं लागलीस, मी कधी विचारलं नाही. मला नको सांगू. ह्यांना सांग. ते तुझं ऐकतात, कारण तू त्यांना कधी देवाचं काही शिकवलं नाहीस. माझं बोलणं आता त्यांना घरातल्या भांड्यांच्या आवाजासारखं झालंय. माळ घाला असं म्हणू नकोस. 1993 चं सांग, सुरुवातीपासून, जमेल तेवढं.

पोरीची बारावी आहे ना यंदा? तिला म्हणावं, मावशीकडनं शेंगदाण्याची चटणी येतेय. भाऊजींची बदली रद्द झाली का? फ्लॅटचं काय झालं? संक्रांतीला येता आलं तर फार बरं, तीळगूळ या वेळी हातात दे.

हरभरा वरच्या तुकड्यात पेरलाय, बरा उगवलाय. ह्यांना फोन सकाळी नऊच्या आत कर, नंतर ते आखाड्यावर जातात आणि तिथं रेंज नसते.

तुझी,
शोभा