पुढच्या चाकांचा चुकीचा ऑफसेट आणि अपुरा स्टिअरिंग शाफ्ट: तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: 1956 च्या फोर्ड एफ-100 पिकअपसाठी पाठवलेली चाके, फोर्डच्या मस्टँग 2 मोटारीच्या धर्तीचा पुढच्या सस्पेन्शनचा संच आणि स्टिअरिंग शाफ्ट यांतील चुका

महोदय,

संच तुमच्या सूचनापत्रकाप्रमाणे बसवला आहे. तरीही पुढचे टायर मडगार्डला घासतात आणि स्टिअरिंग एका फेऱ्यात दोनदा जड, दोनदा हलके होते. तुमच्या तांत्रिक विभागाने यावर मडगार्डची कड आत दुमडण्याचा आणि रॅकला (स्टिअरिंगच्या फिरण्याने डावी-उजवीकडे सरकून चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याला) कॉलर, म्हणजे सरकणे अडवणारे कडे, लावून वळण कमी करण्याचा सल्ला दिला. तो आम्हाला मान्य नाही.

आधी चाके. ऑर्डरमध्ये 18 इंच व्यास, 8 इंच रुंदी, 5 × 114.3 (114.3 मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट) आणि ऑफसेट +19 मिमी अशी नोंद आहे. ऑफसेट म्हणजे हबवर टेकणारी चाकाची बैठक रिमच्या मध्यरेषेपासून किती सरकलेली आहे ते अंतर; ते जितके जास्त, तितके चाक आत. टायर 255/45 आर 18. रिमची 8 इंच रुंदी टायरच्या दोन बैठकींमधली असते, बाहेरच्या कडा धरून तेच चाक साधारण 9 इंच भरते. म्हणून शून्य ऑफसेटला बॅकस्पेसिंग, म्हणजे चाकाच्या मागच्या कडेपासून त्या बैठकीपर्यंतचे अंतर, 4.5 इंच येते आणि +19 मिमीला 5.25 इंच. चाक पालथे घालून, मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवून हबच्या बैठकीपर्यंत मोजले, तर दोन्ही चाकांवर 4.75 इंचच भरले. म्हणजे तुमच्याकडे 8 चे निम्मे 4 धरून त्यात 0.75 (19 मिमी) मिळवले गेले. प्रत्यक्ष ऑफसेट जेमतेम +6 मिमी आहे आणि प्रत्येक चाक चार सूत (अर्धा इंच) बाहेर आले आहे.

त्यात ब्रेकच्या डिस्कची भर. कॅटलॉगमध्ये हबच्या एका बैठकीपासून दुसरीपर्यंतचे अंतर 56.5 इंच छापले आहे. संचासोबतच्या 11 इंची डिस्क लावल्यावर ते 57 इंच भरते, म्हणजे दर बाजूला आणखी 6 मिमी. दोन्ही मिळून चाक 19 मिमी बाहेर. चाक पूर्ण वळवून सस्पेन्शन 50 मिमी दाबलेले असताना मडगार्डच्या कडेपाशी 15 मिमी जागा राहावी, असा आमचा हिशेब होता. ती जागा तर गेलीच, वर टायर कडेत घुसतो.

कड दुमडली तर आवाज थांबेल, भूमिती सुधारणार नाही. चाक ज्यांवर वळते त्या वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधून जाणारी रेषा जमिनीला जिथे टेकते, तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर 19 मिमीने वाढले आहे. एका बाजूचा ब्रेक किंचित जास्त लागला किंवा एक चाक खड्ड्यात गेले, की हा वाढलेला हात थेट स्टिअरिंगला हिसका देतो. हबच्या बेअरिंगवरचा ताणही वाढतो. स्पेसरने चाक आणखी बाहेरच जाईल. कॉलर लावल्यास ट्रक वळायला जागा जास्त लागेल आणि बाकीचे दोष तसेच राहतील.

आता शाफ्ट. संचात शाफ्टला कोनात वळवणारे दोनच जॉइंट आहेत. स्टिअरिंग कॉलम आणि रॅक यांच्या मध्ये एक्झॉस्ट येतो. त्याला वळसा घालताना खालच्या जॉइंटचा कोन 42 अंश होतो आणि वरच्याचा 20. अशा एकेरी जॉइंटला 35 अंशांपलीकडे नेत नाहीत. 42 अंशांवर शाफ्टचा वेग फेऱ्याच्या काही भागात 0.74 पट आणि काही भागात 1.35 पट होतो. हेच ते जड-हलके होणे. दोन्ही कोन सारखे असते आणि मधल्या शाफ्टवरचे फोर्क (जॉइंटची दुबेळकी टोके) एका रेषेत असते, तर एकाचा चढउतार दुसऱ्याने भरून काढला असता. इथे तीन जॉइंट आणि मधल्या शाफ्टला चासीवर आधार देणारे बेअरिंग हवे. आधाराशिवाय तिसरा जॉइंट लावला तर शाफ्ट मध्येच लटपटतो. शिवाय रॅकच्या टोकाला 9/16 इंच, 26 दात आहेत आणि तुम्ही पाठवलेला जॉइंट 3/4 इंच, 36 दातांचा आहे. हा सैल जॉइंट कोणी नुसता बोल्ट आवळून बसवायचा प्रयत्न करेल, हा विचारच भीतीदायक आहे. आम्ही योग्य जॉइंट वेगळा मिळवून केवळ तपासणीपुरता लावला. ट्रक रस्त्यावर नेलेला नाही.

रॅकचा डावा ब्रॅकेट उजव्यापेक्षा 5 मिमी उंच आहे. स्प्रिंग काढून, जॅकने चाक 50 मिमी वर-खाली करून पाहिले, तर डावे आणि उजवे चाक सारखे वळत नाहीत. दोन्ही चाके एकदम उंचवट्यावर चढली तरी ट्रक एका बाजूला जाईल.

या सगळ्याच्या मुळाशी तुमचा मोजमापाचा फॉर्म आहे. त्यात ट्रक उभा आणि चाके सरळ असतानाचेच आकडे विचारले आहेत. डिस्क बसवल्यानंतर, मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडून, चाक सरळ, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे; ट्रक नेहमीच्या उंचीला, दाबलेला आणि उचललेला, अशी नऊ मापे दर बाजूला घेतल्याशिवाय ऑफसेट ठरवता येत नाही.

आमची मागणी अशी: डिस्कने वाढलेले 6 मिमी धरून, म्हणजे 5.5 इंच बॅकस्पेसिंगची, पुढची दोन चाके बदलून द्यावीत. 9/16 इंच, 26 दातांचा जॉइंट, तिसरा जॉइंट, आधाराचे बेअरिंग आणि समान उंचीचे दोन ब्रॅकेट विनामूल्य पाठवावेत. परतीच्या वाहतुकीचा खर्च तुमच्याकडे राहील. नवी चाके निघण्याआधी बॅकस्पेसिंग मोजतानाचे छायाचित्र, पट्टीवरचा आकडा दिसेल असे, आम्हाला पाठवावे.

आपले,
ग्राहक