अण्णा, जंतूलाही मोटार असते

सुइता, ओसाका

तीर्थरूप अण्णांना साष्टांग नमस्कार,

बाळूच्या विडाल टेस्टचा फोटो दादानं पाठवला. त्यातलं टी.ओ. आणि टी.एच. ही काय भानगड, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि लाइन कटली. टी.ओ. म्हणजे टायफॉइडच्या जंतूच्या आवरणाविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं, टी.एच. म्हणजे त्याच्या कशाभिकेविरुद्धची. (मात्र एकट्या विडालवर विसंबू नका. आधी घेतलेल्या लशीमुळेही आकडा चढतो. डॉक्टरांना ब्लड कल्चरचं विचारा. आणि नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतंय तोवर पिंपातलं पाणी उकळल्याशिवाय कुणीच पिऊ नका.)

कशाभिका म्हणजे जंतूची पोहायची शेपटी. माझं इथलं सगळं काम तिच्यावरच आहे, आणि जळक्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या तुम्हाला ते माझ्या कॉलेजच्या मैत्रिणींपेक्षा लवकर कळेल. त्या शेपटीच्या बुडाशी मोटार असते. फिरणारा रोटर, त्याला फिरवणारा स्टेटर, शाफ्ट, शाफ्टभोवती बुश, सगळं. शास्त्रज्ञही हेच शब्द वापरतात.

ही शेपटी माशासारखी वळवळत असेल असं पूर्वी वाटायचं. १९७४ साली सिल्व्हरमन आणि सायमन या दोघांनी ती काचेला चिकटवून टाकली, तर अख्खा जंतूच गरगर फिरायला लागला. शेपटी फ्लॅजेलिन नावाच्या प्रथिनाची. हजारो नग ११ ओळींत रचून त्याची मळसूत्री नळी होते, जाडी जेमतेम २० नॅनोमीटर. गंमत म्हणजे ती वाढते टोकाकडून. प्रत्येक नवा नग उलगडून दोऱ्यासारखा होतो, पोकळीतून पार शेवटापर्यंत जातो आणि तिथल्या टोपीखाली घडी होऊन बसतो. शेपटी आणि शाफ्ट यांच्यामध्ये एक लवचीक आकडा असतो, तो युनिव्हर्सल जॉइंटचं काम करतो.

सप्लाय प्रोटॉनचा. जंतू श्वसनातून प्रोटॉन पेशीबाहेर ढकलत राहतो, ते परत आत शिरतात स्टेटरमधून, आणि त्यावर रोटर फिरतो. एका फेऱ्याला हजारावर प्रोटॉन खर्ची पडतात. समुद्रातल्या व्हिब्रिओ नावाच्या जंतूंची मोटार सोडियमवर चालते. त्यातल्या एका जातीत सेकंदाला १७०० फेरे मोजलेत, म्हणजे मिनिटाला लाखावर. तुमची टू-पोल मोटार मिनिटाला २८८० फेऱ्यांवर थांबते!

आता खरी गोष्ट. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून मागाच्या मोटारी तुमच्याकडे येतात त्या बहुतेक जळूनच. लोड वाढला, अँपिअर चढले, वायंडिंग गेलं. ही मोटार जळत नाही. आम्ही ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूची शेपटी तोडून आखूड करतो आणि उरलेल्या खुंटाला प्लास्टिकचा बारीक मणी चिकटवतो. मणी मोठा, म्हणजे लोड जास्त. पडद्यावर सुरुवातीला तो रेंगाळत फिरतो. मग एकदम वेग चढतो, काही वेळ तसाच राहतो, पुन्हा एकदम चढतो. दर चढाला एक नवा स्टेटर येऊन बसलेला असतो. पेशीच्या पातळ आवरणात सुटे स्टेटर हिंडत असतात. लोड आला की ते रोटरभोवती ठाण मांडतात, जास्तीत जास्त ११. लोड उतरला की आपले निघून जातात. मोटार चालू असताना! तुम्ही इथे असता तर चहा निवेपर्यंत त्या पडद्यासमोरून उठला नसतात.

रिव्हर्सचं तर विचारूच नका. आपण थ्री फेजच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की मोटार उलटी फिरते. इथे सप्लाय तोच राहतो. २०२० मध्ये स्टेटरची रचना उलगडली, तेव्हा दिसलं की तो स्वतःच एक चाक आहे: पाच प्रथिनांचं कडं, मध्ये दोन प्रथिनांचा कणा, आणि ते कडं एकाच दिशेला फिरतं. बदलते ती रोटरची खालची रिंग. ती आकसलेली असली की स्टेटर तिच्या बाहेरून लागतो आणि दोन्ही चाकं एकमेकांच्या उलट फिरतात. पसरली की तोच स्टेटर आतल्या बाजूने लागतो आणि दोन्ही एकाच दिशेला. रिंग पसरवायला चे-वाय नावाचं एक छोटं प्रथिन येऊन चिकटलं की पुरे. अशा जंतूला शेपट्या अनेक असतात; डावीकडे फिरताना त्या सगळ्या एकत्र गुंफून तो सरळ पोहतो, उजवीकडे फिरल्या की गुंफण सुटते आणि तो गटांगळी खाऊन नवी दिशा धरतो.

मला वाटतं, गिअरचं हे चित्र तुम्ही शेगडीवर शाफ्ट तापवता तापवता खडूने फरशीवर काढून दाखवाल, आमच्या सरांपेक्षा नीट. फोटो काढून पाठवाच.

सध्या मी उलटं मोजतेय: लोड उतरल्यावर स्टेटर किती वेळात सुटतात. काही पटकन जातात, काही अडून बसतात. सरांना वाटतं मोजमापातच गडबड आहे. मला नाही तसं वाटत. दिवाळीपर्यंत कळेल.

आईला नमस्कार. दादा-वहिनींना सांगा, रविवारी फोन करते.

तुमची,
पमी