उन्हाळी सुट्टीसाठी पहाटेची एसटी हवी

मा. संपादक महोदय,
स. न.

शाळांना उन्हाळी सुट्टी लागते, वर्तमानपत्रांतून महाबळेश्वर, मनाली आणि काश्मीरच्या सहलींच्या जाहिराती येऊ लागतात, आणि ज्या घरांत महिनाअखेर गाठताना ओढाताण होते तिथल्या मुलांना ‘यंदा काही जमणार नाही’ हे उत्तर त्याआधीच मिळालेले असते. मराठवाड्यातील अशा कुटुंबांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, आपल्याच विभागात दोन-तीन दिवसांची चांगली सहल आजही सहज परवडते. अडते ते उन्हामुळे आणि एसटीच्या वेळांमुळे, आणि यातले दुसरे तरी आपल्या हातात आहे.

प्रवासाचाच हिशोब पाहा. मार्च 2023 पासून एसटीच्या बसमध्ये महिलांना अर्धे तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट पूर्वीपासूनच आहे, पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धेच, आणि ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत आहे. म्हणजे नवरा-बायको, शाळकरी वयाची दोन मुले, सत्तरीचे आजोबा आणि पंच्याहत्तरी पार केलेली आजी असे सहा जणांचे घर निघाले, तर सगळ्यांचे मिळून तीन पूर्ण तिकिटांचेच पैसे पडतात. मुलांचे व ज्येष्ठांचे आधार कार्ड मात्र जवळ असू द्यावे. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पासही चांगला आहे, पण तो काढण्याआधी या सवलती धरून बेरीज करावी; घरात सवलतवाले जास्त असतील तर साधी तिकिटेच स्वस्त पडण्याचा संभव अधिक.

आता वेरूळचे घ्या. पंधरा वर्षांखालील मुलांना तिथे प्रवेशशुल्क नाही आणि मोठ्यांचे तिकीट काही मोठे नाही. लेणी मंगळवारी बंद असतात, एवढे लक्षात ठेवून आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगरला एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम करावा आणि सकाळच्या पहिल्या बसने निघावे. वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे. दार उघडता उघडता आत गेलात तर कैलास लेण्याच्या अंगणात अजून सावली असते. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात हे मंदिर डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणले, हे मुलांना तिथे उभे करून सांगावे. पुस्तकात वाचलेले आणि तिथे मान वर करून पाहिलेले यांत फार अंतर असते. मंडपाच्या बाहेरच्या भिंतींवर एका बाजूला रामायण आणि दुसऱ्या बाजूला महाभारत ओळींनी कोरले आहे. आजीला सोबत नेण्याचा खरा उपयोग इथे होतो, कारण वनवास कुठला, सेतू कुठला आणि वाली-सुग्रीवाचे युद्ध कुठले हे ती बोट ठेवून दाखवते आणि मुले पुढची ओळ शोधू लागतात. ऊन चढले की दहाव्या लेण्यात जाऊन बसावे. लाकडी घराचे वासे असावेत तशी तिथली दगडी कमान आहे, आत गारवा आहे, आणि कोणी हळू आवाजात ओवी म्हटली तरी ती वर घुमत राहते. तिथून निघावे, बाहेर झाडाखाली धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी खावी, जवळच घृष्णेश्वराचे दर्शन घ्यावे आणि परतावे. दौलताबादचा किल्ला याच वाटेवर असला तरी त्याच दिवशी दुपारी चढू नये. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना ते ऊन झेपत नाही.

जवळपासच्या जागाही कमी नाहीत. परभणी, हिंगोलीकडच्यांना औंढा नागनाथ एका सकाळीत होते. नांदेडला सचखंड गुरुद्वारात लंगर सर्वांसाठी खुला असतो, आणि पंगतीला कोणाशेजारी कोण बसले हे तिथे कोणी विचारत नाही, हे मुलांनी पाहावे असे मला मनापासून वाटते. धाराशिव, लातूरकडच्यांनी तेरचे पुराणवस्तू संग्रहालय आणि गोरोबाकाकांची समाधी पाहावी. अंबाजोगाईला योगेश्वरीबरोबर आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. तुळजापूर, परळीसारख्या क्षेत्री भक्तनिवासात राहण्याचा खर्च हॉटेलच्या मानाने बराच कमी येतो.

नातेवाइकांकडे मुक्काम करताना मात्र एक भान ठेवावे. मे महिन्यात आपल्याकडे अनेक गावांना टँकरवर दिवस काढावे लागतात. चार पाहुणे आले तर यजमान धान्याला मागेपुढे पाहत नाहीत, पण हंडे भरणाऱ्या बाईचे काम दुप्पट होते आणि ती बोलून दाखवत नाही. अशा गावी मे महिन्यात एकच मुक्काम करावा, पाणी भरू लागावे, आणि जास्त दिवस राहायचे असेल तर जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर शाळा उघडण्याआधी जावे.

अशा सहली जमाव्यात यासाठी एसटी महामंडळाला आणि मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांच्या प्रशासनाला विनंती आहे. मे महिन्यापासून शाळा सुरू होईपर्यंत प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणाहून जवळच्या एका-दोन प्रेक्षणीय स्थळांसाठी पहाटे साडेपाचच्या सुमारास साधी बस सोडावी आणि तीच बस साडेअकराच्या आत परत आणावी. वेगळ्या पॅकेजची किंवा वातानुकूलित गाडीची गरज नाही. नेहमीच्याच दराने व सवलतींसह धावणारी लालपरी पुरे आहे. आज नऊ-दहाच्या बसने निघालेले कुटुंब भर उन्हात पोहोचते, थंड पाण्याच्या बाटल्यांवर आणि परतीच्या रिक्षेवर तिकिटापेक्षा जास्त पैसे घालवते आणि पुन्हा निघण्याचे नाव काढत नाही. बसच्या थांब्याजवळ सावली आणि पिण्याचे पाणी असावे, स्वच्छतागृहाला कुलूप नसावे, आणि बसचे वेळापत्रक सुट्टी लागण्यापूर्वी शाळांच्या सूचनाफलकांवर लावावे, म्हणजे ते नेमके ज्यांना हवे आहे त्यांच्या घरी पोहोचेल. पहिल्या वर्षी एकेका जिल्ह्यात आठवड्यातून दोनच फेऱ्या, शनिवारी आणि रविवारी, सुरू करून प्रतिसाद पाहता येईल.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, परभणी