आणखी एक पाककृती छापा

मा. संपादक,

आषाढी एकादशीच्या पुरवणीत साबुदाण्याचे नाना पदार्थ वाचले. साबुदाणा ज्या कसावा कंदाचा होतो, तो खाऊन आफ्रिकेत लेकरांचे पाय जातात, हे मात्र आपल्याकडे क्वचितच छापून येतं. (उपासवाल्यांनी घाबरू नये, कारखान्यात धुऊन-गाळून भाजेपर्यंत त्यातलं विष निघून जातं.)

या आजाराचं नाव कोंझो. काँगोतल्या याका भाषेत अर्थ 'बांधलेले पाय'. काल धावणारं पोर सकाळी उठतं ते पाय ताठ होऊनच. पुढे आजार वाढत नाही, पण बराही होत नाही. 1981 च्या दुष्काळात मोझांबिकच्या नामपुला प्रांतात अकराशेवर लोक असे अधू झाले. बहुतेक बाया आणि मुलं.

हे अडाणीपणामुळे होतं म्हणावं, तर कडू कसावा तीन दिवस भिजवून उन्हात वाळवायचा, हे तिथल्या बायकांना आज्या-पणज्यांपासून ठाऊक आहे. पण दुष्काळात कंदातलं विष वाढतं आणि घरात दुसरा दाणा नसतो. तीन दिवस थांबणार कोण? काँगोच्या बांदुंदु भागात तर राजधानी किन्शासाकडे पक्का रस्ता झाला, कसाव्याला गिऱ्हाईक आलं आणि विकायच्या घाईत भिजवण एका-दोन दिवसांवर आली. कंदातलं हे विष म्हणजे सायनाइड. ते पचवायला लागणारी प्रथिनं मासे-शेंगांतून मिळतात. ती ताटात नसतात.

मी भंडाऱ्याचा. लहानपणी गावात लाखोरी (लाखेची डाळ) खाऊन पाय गेलेला एक म्हातारा होता. दोन काठ्यांवर, गुडघ्याला गुडघा घासत, टाचा न टेकवता चालायचा. त्याला कुणी हौसेनं लाखोरी खाल्ली का, असं विचारलं नव्हतं.

कोंझोवर औषध नाही. व्यायाम, कुबड्या, जमल्यास शस्त्रक्रिया. तेवढ्यासाठीही पोराला पाठीवर घेऊन दवाखाना गाठायचा. म्हणून पुढच्या एकादशीला ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॅडबरी यांची पिठातलं विष घालवायची ही बिनखर्ची कृतीही छापावी. काँगोच्या गावांतल्या बायकांनी ती वापरून पाहिली आहे आणि तिथं नवे रुग्ण थांबले:

कसाव्याचं पीठ भांड्यात घ्या, आतून पातळीची खूण करा. पाणी घालत कालवा. पीठ आधी खाली बसेल, मग पुन्हा खुणेपर्यंत येईल. चटईवर पातळ पसरा. उन्हात दोन तास, सावलीत पाच. मग नेहमीसारखं शिजवा.

— एक निवृत्त शिक्षक, भंडारा