अण्णांशी तूच बोल

संगमनेर

प्रिय दत्त्या,

दिवाळीपासून तुझे फोन उचलले नाहीत. शिव्या भेटल्यावर घाल. माझी शुगर ठीक, पाठ तशीच.

आईला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. जिनं कधी मिश्रीही लावली नाही, तिला! आधी खोकला, मग एक्स-रेत डाग, म्हणून इथं टीबी ठरवून टाकला. थुंकीत जंतू नव्हते, तरी गोळ्या सुरू. लघवी केशरी व्हायची, खोकला हटेना, वजन उतरत चाललं. दम लागायला लागला तेव्हा छातीत सुई घालून पाणी काढलं, कोऱ्या चहासारखं लालसर. त्यात कॅन्सरच्या पेशी निघाल्या. म्हणजे चौथी स्टेज, ऑपरेशनचा प्रश्नच मिटला. परळला टाटाला नेलं. तिथं 'ईजीएफआर' जनुकात बदल सापडला, म्हणून केमोऐवजी रोज एक गोळी, जेफिटिनिब २५० मिलिग्रॅम. दम कमी झालाय. तोंडावर पुळ्या उठल्यात तर म्हणते, "या वयात तारुण्यपीटिका! सांग तुझ्या बापाला." पुढं कधीतरी गाठ या गोळीला दाद देईनाशी होते, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

पण घोर लागलाय तो अण्णांचा. परवा ओट्यावर बसून विचारतात, "माझ्या विडीनं झालं का रे?" काय सांगणार? दुसऱ्याच्या धुरानंही हा कॅन्सर होतो, हे खरंच. पण आईसारखा जनुकातला बदल कधीच न ओढणाऱ्यांत, त्यातही बायकांत जास्त सापडतो. शिवाय गॅस येईपर्यंत ती फुंकणी घेऊन चुलीपुढं बसली, तो धूर कुठं गेला? एका माणसाला नेमका कशानं झाला, हे कुणी सांगू शकत नाही. मी एवढं सगळं बोललो. ते म्हणाले, "म्हणजे झालं असेल." त्यात ताई त्यांना तोंडावर बोलली. तेव्हापासून विडी बंद, आणि जेवणही निम्म्यावर.

गोठ्यामागं त्यांचं बंडल संपवलं तेव्हा तू माझं नाव सांगून मोकळा झालास, मार मी खाल्ला. ते भांडण मी अजून सोडलेलं नाही, लक्षात ठेव.

खरी तपासणी अण्णांची व्हायला हवी. वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांत कमी रेडिएशनच्या सीटीनं गाठ लवकर सापडते. अमेरिकेतल्या २०११ च्या अभ्यासात एक्स-रेवाल्यांपेक्षा सीटीवाल्यांत या कॅन्सरचे मृत्यू २० टक्के कमी निघाले. अण्णांना म्हटलं चला, तर म्हणतात, "मला निघाला तर बरंच होईल." यावर मला बोलता आलं नाही. तुझं ते ऐकतात, का ते देव जाणे.

सुप्रियाला नोकरी लागली म्हणे. पेढे बुडवू नकोस. वहिनींचा गुडघा कसा आहे?

रविवारी ये. पहिल्या चहाला सीटीचा विषय काढू नकोस, दुसऱ्याला काढ. आणि खिशातलं सिगारेटचं पाकीट घरी ठेवून ये, तुझा भरवसा नाही.

तुझा,
बाळ्या